७०७५ चा तडा: लगापासून अणूपर्यंत (प्रकल्प नोंदी)

११ जून २०२४

तुकडे हातात आले. खाडीकाठच्या एका धक्क्यावरच्या यंत्राचा लग, म्हणजे भोक असलेला जोडणीचा कान. धातू ७०७५ अ‍ॅल्युमिनियम, फोर्जिंग (डायमध्ये दाबून घडवलेला), टेंपर (उष्णता देऊन आणलेली अवस्था) टी६. भोकात स्टीलचा बुश (नळीसारखं अस्तर) दाबून बसवलेला. भोकाच्या कडेपासून निघालेला तडा थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेला आणि लगाचे दोन भाग झाले. यंत्र तेव्हा बंद होतं. पाठवणाऱ्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: भार नसताना तुटलं कसं?

मिश्रधातूची कुंडली लिहून ठेवतो. जस्त ५.१ ते ६.१ टक्के, मॅग्नेशियम २.१ ते २.९, तांबं १.२ ते २.०, थोडं क्रोमियम. टी६ म्हणजे ४७० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून सगळं विरघळवायचं, पाण्यात क्वेंच (एकदम थंड) करायचं आणि मग १२० अंशांवर २४ तास ठेवायचं, म्हणजे एजिंग. सर्वाधिक ताकद याच अवस्थेत मिळते. खाऱ्या दमट हवेत जाडीच्या दिशेने सतत ताण असला, तर तडकायचा स्वभावही याच अवस्थेत सर्वांत तीव्र असतो. हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे.

मॅडमनी हाच तुकडा निवडला तो त्यामुळेच. आपला प्रकल्प नव्या मायक्रोस्कोपीची पारख करण्याचा आहे, आणि उत्तराची ढोबळ दिशा माहीत असलेल्या तुकड्यावरच कळतं की कोणतं यंत्र खरंच नवीन काही सांगतं आणि कोणतं नुसतं देखणं चित्र देतं. नियमही त्यांनीच घालून दिला: आधीच्या यंत्राने न सुटलेला प्रश्न वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या यंत्राचा वेळ मागायचा नाही.

तुकडे एकमेकांना जुळवून पाहायचे नाहीत, ज्युनियरला पहिलं वाक्य हेच सांगितलं. तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासले की पुरावा गेला.

१३ जून

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सकाळ घालवली. तड्याची सुरुवात भोकाच्या आतल्या कडेला, बुश जिथे सर्वांत घट्ट बसलाय तिथे. बुश भोकापेक्षा किंचित मोठा ठेवून दाबून बसवतात, त्यामुळे भोकाभोवतीचा धातू कायम ताणलेला राहतो, यंत्र चालू असो वा बंद. ‘भार नव्हता’ हे विधान इथेच संपलं.

दुसरी गोष्ट: तडा फोर्जिंगच्या पार्टिंग लाइनला धरून गेलाय. दोन डाय मिळतात त्या रेषेवर धातू बाहेर ढकलला जातो आणि ग्रेनचा (धातूतल्या स्फटिककणांचा) प्रवाह वळून पृष्ठभागाकडे तोंड करतो. मशीनिंगमध्ये ती कड छाटली की ग्रेनची टोकं हवेला उघडी पडतात.

हे सगळं चाळीसपट मोठं करून दिसलं. पुढची कोट्यवधींची यंत्रं वापरतानाही ही दोन निरीक्षणं समोर राहावीत म्हणून पानावर चौकट करून ठेवली आहेत.

१८ जून

एसईएम, म्हणजे पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवणारा मायक्रोस्कोप. तुटलेला पृष्ठभाग न धुता आधी तसाच चेंबरमध्ये घेतला. अ‍ॅसिटोननेसुद्धा पुसला नाही, कारण मिठाचा अंश वाहून गेला तर क्लोरीन कुठे होतं हे नंतर कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. ईडीएसवर (एक्स-रेवरून मूलद्रव्य ओळखणारं उपकरण) सुरुवातीच्या भागात क्लोरीन आणि ऑक्सिजन स्पष्ट आहेत, शेवटच्या भागात जवळजवळ नाहीत. म्हणजे सुरुवातीचा भाग बराच काळ उघडा होता आणि शेवटचा भाग एकदम तुटला.

स्वच्छ केल्यावर तेच चित्र आकारांतूनही दिसलं. सुरुवातीला सपाट पायऱ्या, ग्रेनच्या सीमेवरून सुटलेली पापुद्र्यासारखी तोंडं आणि आडवे उपतडे. शेवटी खळग्यांचं जाळं, म्हणजे धातू ओढला जाऊन, ताणून तुटलेला भाग. तडा ग्रेनच्या सीमांवरून सरकत गेला आणि उरलेला पट्टा पुरेनासा झाल्यावर लग एकदम सुटला.

बॅकस्कॅटर्ड (मागे परतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) चित्रात लोह आणि तांबं असलेले मोठे कण पांढरे दिसतात, मॅग्नेशियम सिलिसाइडचे काळे. पहिल्या नजरेला कुणीही म्हणेल की तडा या कणांमुळे गेला. सुरुवातीच्या भागात तसं दिसत नाही. तडा कणांना टाळून सीमेवरूनच जातोय.

वहीत लिहिलेला प्रश्न: सगळ्याच सीमा सुटतात की ठरावीक?

२६ जून

आजचा दिवस नमुना तयार करण्यात गेला आणि त्यावर सविस्तर लिहितो, कारण शोधनिबंधांत या कामाला एक ओळ मिळते.

माउंटिंग. नेहमीच्या बेकलाइटच्या गरम प्रेसमध्ये नमुना दीडशे अंशांच्या वर जातो. आपला धातू १२० अंशांवर एजिंग झालेला आहे. त्याला प्रेसमध्ये टाकणं म्हणजे पाहायचीच गोष्ट बदलून टाकणं. एपॉक्सीत थंड माउंट केला, तोही हळू घट्ट होणाऱ्या, कारण झटपट एपॉक्सी स्वतःच तापते.

पॉलिशिंग. मॅग्नेशियम सिलिसाइड पाण्यात विरघळतं आणि मागे फक्त खड्डा उरतो, मग अहवालात ‘छिद्रं आढळली’ असं छापून येतं. शिवाय ताजं अ‍ॅल्युमिनियम आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन सुटतो, आणि आपल्याला पुढे शोधायचाय तोच. शेवटचे टप्पे अल्कोहोलवर आधारित द्रवात केले. पॉलिशिंगच्या टेबलावर वर्षानुवर्षं काम केलेले काका जवळ उभे होते. ते म्हणाले, “तुम्ही दाब कमी करा, वेळ वाढवा. चकाकी आली म्हणजे झालं असं नाही.” पुढची पायरी ईबीएसडी, म्हणजे स्फटिकांच्या दिशांचा नकाशा काढणारी पद्धत; तिला पृष्ठभागाखालचे काही दशक नॅनोमीटरच दिसतात, तेवढा थर घासण्याने विस्कटलेला असला तर पॅटर्नच येत नाही. काकांचं ऐकून शेवटची व्हायब्रेटरी पॉलिशिंग रात्रभर ठेवली.

३ जुलै

ईबीएसडी. नमुना ७० अंश कलता, २० केव्ही. प्रत्येक बिंदूवर इलेक्ट्रॉन मागे फिरताना किकुची पट्ट्यांचं जाळं उमटवतात आणि त्यावरून त्या बिंदूवरच्या स्फटिकाची दिशा कळते. सेइशी किकुची यांनी या पट्ट्या १९२८ मध्ये नोंदवल्या. आज नवीन आहे तो वेग आणि डिटेक्टर. फॉस्फर पडदा आणि कॅमेरा यांच्या जागी थेट इलेक्ट्रॉन मोजणारे सेन्सर येताहेत, त्यामुळे कमी व्होल्टेजवर आणि कमी प्रवाहावरही पॅटर्न मिळतात. पट्ट्या ओळखण्याऐवजी आधी गणिताने तयार केलेल्या पॅटर्नच्या मोठ्या संचाशी प्रत्येक पॅटर्न ताडून पाहायची पद्धतही रुळली आहे. तड्याच्या काठचे विस्कटलेले बिंदू जुन्या पद्धतीने रिकामे राहिले होते, या पद्धतीने त्यांतले बरेच भरले.

नकाशा उघडला तेव्हा खोलीत सगळे थांबून पाहत राहिलो. ग्रेन पोह्यासारखे चपटे, एकावर एक रचलेले, आणि तडा दोन थरांच्या मधून. सुटलेल्या सीमा जवळपास सगळ्या १५ अंशांहून जास्त कोनाच्या. ग्रेनच्या आतल्या कमी कोनाच्या उपसीमांना तड्याने हातही लावलेला नाही. बुशमुळे आलेला ताण या थरांना बरोबर काटकोनात आहे. तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळल्या.

इथवर जे कळलं तेवढ्यावर पाठवणाऱ्यांना अंतरिम पत्र गेलं. पुढचं काम विज्ञानाच्या प्रश्नाचं आहे: उच्च कोनाच्या सीमेवर असं काय बसलंय की ती दमट हवेत सुटते?

१० जुलै

एक्स-रे टोमोग्राफी. तड्याचं टोक न कापता कुठे आहे ते शोधायचं होतं. प्रयोगशाळेतल्या सीटीवर काडीएवढा नमुना फिरवून काही मायक्रॉनच्या व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीतला पिक्सेल) चित्र मिळालं. लोहाचे कण उजळ दिसतात. तडा मात्र टोकाकडे व्हॉक्सेलहून बारीक होतो आणि चित्रातून नाहीसा होतो. दिसला नाही म्हणजे संपला असं इथे धरायचं नाही.

सिंक्रोट्रॉनवर (फार प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) फेज काँट्रास्टने (एक्स-रेच्या लाटा किती सरकल्या यावरून काढलेल्या चित्राने) असा बारीक तडा कडांवरून उठून दिसतो. इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर इमेजिंगची बीमलाइन आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉनने २०२० मध्ये नवा स्रोत सुरू केल्यापासून तिथे एक्स-रेचा झोत कितीतरी घट्ट मिळतो आणि ताण देता देता तडा वाढताना त्रिमितीत पाहता येतो. आपल्याला या टप्प्यावर फक्त जागा ठरवायची होती. ती ठरली. एक मुख्य तड्याचं टोक, आणि त्याच्या पुढे अजून न सुटलेली तीच सीमा.

ही पुढची न सुटलेली सीमाच आपला खरा नमुना. सुटलेल्या सीमेवर आता गंज आहे.

२२ जुलै

फिब, म्हणजे आयनांच्या बारीक झोताने कोरणं. प्रकल्पातली सर्वांत जोखमीची पायरी.

गेली कित्येक वर्षं टीईएमसाठी (नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार नेणारा मायक्रोस्कोप) पातळ काप काढायचं सर्रास साधन म्हणजे गॅलियमच्या आयनांचा झोत. गॅलियम २९.८ अंशांवर वितळतं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ग्रेनच्या सीमेत शिरायला त्याला फार आवडतं. मोठ्या प्रमाणात शिरलं तर धातू हाताने तुटतो, हा प्रयोग शाळेतही करून दाखवतात. म्हणजे ज्या सीमेवर कोणते अणू बसलेत हे आपण शोधणार, त्याच सीमेवर आपणच गॅलियम नेऊन बसवणार. ईडीएसमध्ये हे पकडणंही अवघड: गॅलियमची मुख्य रेषा ९.२५ केईव्हीवर, जस्ताच्या ८.६४ आणि ९.५७ च्या अगदी मधोमध. जस्ताने भरलेल्या मिश्रधातूत थोडं गॅलियम सहज लपतं.

मॅडमनी ठरवल्याप्रमाणे दोन काप काढले. एक मुद्दाम गॅलियमने, तुलनेसाठी. दुसरा झेनॉनच्या प्लाझ्मा फिबने. झेनॉन हा निष्क्रिय वायू, सीमेत जाऊन साठत नाही, आणि झोताचा प्रवाह गॅलियमच्या तुलनेत कितीतरी जास्त मिळतो, काही यंत्रांत मायक्रोअँपिअरपर्यंत. मोठे खड्डे झटपट खणता येतात. शेवटचा हात मात्र झेनॉननेही कमी व्होल्टेजवरच फिरवावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजूंना बिघडलेला थर राहतो.

काप चिकटवायची ग्रिड मोलिब्डेनमची मागवली होती. बाजारात सहज मिळते ती तांब्याची, पण भटके इलेक्ट्रॉन ग्रिडवर आपटले की तांब्याचे एक्स-रे येतात, आणि आपला पुढचा सगळा प्रश्न सीमेवरच्या कणांत तांबं किती याचाच आहे. ज्युनियर म्हणाली, “सर, ग्रिडसुद्धा प्रयोगाचा भाग आहे हे कुठे शिकवतच नाहीत.” खरं आहे. म्हणून इथे लिहून ठेवतो.

झेनॉनचा काप उत्तम निघाला. त्याच सीमेवरून अ‍ॅटम प्रोबसाठी (एकेक अणू सोडवून मोजणारं यंत्र) सुयाही काढल्या. सुईचं टोक ५० ते १०० नॅनोमीटर त्रिज्येचं हवं आणि सीमा टोकापासून फार तर दोनशे नॅनोमीटरवर. ती तिथे आहे की नाही हे पाहायला दर कोरणीनंतर ट्रान्समिशन किकुची घेतली: पातळ नमुन्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर तोच ईबीएसडीचा खेळ, पण तपशील दहा नॅनोमीटरच्या आसपास. दोन रंगांमधली रेघ हळूहळू टोकाकडे सरकताना बघणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग.

५ ऑगस्ट

स्टेम, म्हणजे बारीक झोत नमुन्यावर फिरवत आरपार पाहणारा टीईएम. विपथन (भिंगाचा दोष) दुरुस्त केलेलं यंत्र. गोल चुंबकीय भिंगांचं गोलीय विपथन टळत नाही हे ओट्टो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. त्यावर चालणारा उपाय हारल्ड रोझ, मॅक्सिमिलियन हायडर आणि क्नुट उर्बान यांनी नव्वदच्या दशकात टीईएमसाठी उभा केला, स्टेमसाठी ओंद्रेय क्रिव्हानेक यांनी. चौघांना २०२० चा काव्हली पुरस्कार मिळाला. आज ते तंत्र इतकं अंगवळणी पडलंय की ऑपरेटर एका बटणावर विपथन जुळवून देतो.

व्होल्टेज ठरवताना चर्चा झाली. सुमारे १७० केव्हीच्या वर इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियमचे अणू जागेवरून उडवू लागतात. २०० वर चित्र सोपं, नमुना धोक्यात. खाली गेलो तर काप आणखी पातळ हवा. काप पुरेसा पातळ होता, त्यामुळे खालचं व्होल्टेज घेतलं.

जे दिसलं ते क्रमाने. ग्रेनच्या आत बारीक कणांची दाट पेरणी: ईटा प्राइम, टी६ ला ताकद देणारा टप्पा. सीमेवर मोठे, ओळीने बसलेले ईटा कण, मुख्यतः मॅग्नेशियम आणि जस्ताचे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकही कण नसलेला काही दशक नॅनोमीटरचा मोकळा पट्टा. सीमेने आजूबाजूचं मॅग्नेशियम, जस्त आणि स्फटिकातल्या रिकाम्या अणुजागा ओढून घेतल्या, म्हणून तो पट्टा रिकामा आणि मऊ. ताण आला की विरूपण तिथेच साठतं.

गॅलियमचा कापही पाहिला. त्याच्या सीमेवर गॅलियम आहे. झेनॉनच्या कापात नाही. एकाच लगाच्या, शेजारच्याच सीमा. हे दोन नकाशे शेजारी छापून फिबच्या खोलीत लावणार आहोत.

९ ऑगस्ट

४डी-स्टेम. जुन्या स्टेममध्ये प्रत्येक बिंदूवर डिटेक्टर एकच आकडा देतो: इतके इलेक्ट्रॉन आले. इथे प्रत्येक बिंदूवर पूर्ण डिफ्रॅक्शन पॅटर्न (स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांची नक्षी) साठवतात. स्थानाच्या दोन मिती, पॅटर्नच्या दोन, म्हणून चार. हे शक्य झालं ते सेकंदाला हजारो फ्रेम वाचणाऱ्या पिक्सेल डिटेक्टरांमुळे.

हिशेब मांडला: २५६ गुणिले २५६ बिंदू, प्रत्येकी २५६ गुणिले २५६ पिक्सेल, पिक्सेलला दोन बाइट. एका फाइलला साडेआठ अब्ज बाइटपेक्षा थोडं जास्त. सेकंदाला हजार फ्रेम धरल्या तरी मोजणी मिनिटभरात उरकते. तिचा अर्थ लावायला दिवस जातात. संगणक विभागाकडे वेगळी डिस्क मागितली आहे.

या माहितीतून मोजणीनंतरही नवा डिटेक्टर ‘बनवता’ येतो, हे मला विलक्षण वाटतं. कोणत्या कोनातले इलेक्ट्रॉन घ्यायचे हे आधी ठरवावं लागत नाही. ईटाचा ठिपका निवडला की फक्त ईटा उजळतात, ईटा प्राइमचा निवडला की ते. ठिपके किंचित सरकलेत का हे मोजलं की प्रत्येक बिंदूवरचा ताण कळतो. तड्याच्या टोकापुढे मोकळ्या पट्ट्यात ताण साठलाय हे इथे पहिल्यांदा नकाशा म्हणून दिसलं. आतापर्यंत ते तर्काने म्हणत होतो.

याच माहितीचं टायकोग्राफी हे पुढचं टोक. एकमेकांवर चढलेल्या बिंदूंच्या पॅटर्नमधून नमुना गणिताने परत उभा करायचा. कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये ८० केव्हीवर मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात ०.३९ अँगस्ट्रॉमचं विभेदन गाठलं, आणि २०२१ मध्ये जाडसर स्फटिकात मर्यादा भिंगाची न राहता अणूंच्या स्वतःच्या थरथरण्याची उरली इथपर्यंत नेलं. आपल्या प्रश्नाला याची गरज आहे का? नाही. सीमेवरचा कण दोन रकान्यांनी रुंद की तीन, याने लग का तुटला हे बदलत नाही. वेळ मागितला नाही.

२१ ऑगस्ट

फाइलींवर काम. हायपरस्पाय आणि पाय४डीस्टेम, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. साधा लॅपटॉप असलेला विद्यार्थीही लहान फाइलवर हात बसवू शकतो, ही छोट्या गावांतल्या महाविद्यालयांसाठी मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. यंत्र नसलं तरी माहिती वाचायला शिकता येतं.

न्यूरल नेटवर्कने गोंगाट काढून पाहिला. चित्र अतिशय स्वच्छ झालं. मूळ माहितीशी ताडल्यावर दिसलं की मोकळ्या पट्ट्यात जिथे संकेत कमकुवत होता तिथे त्याने ‘साधारणतः असायला हवा’ तसा कण भरला होता. त्यामुळे आमचं ठरलंय: साफ केलेलं चित्र जागा शोधायला वापरायचं, आकडा मात्र कच्च्या माहितीतूनच काढायचा.

वहीतला प्रश्न: सीमेवरच्या ईटा कणांत तांबं किती, आणि कणांच्या मध्ये, सीमेवर सुटे अणू कोणते? ईडीएसचा झोत कापात पसरतो आणि शेजारचाही संकेत गोळा करतो. इथे अ‍ॅटम प्रोब लागणार.

१० सप्टेंबर

अ‍ॅटम प्रोब. आयआयटी मद्रासमधली राष्ट्रीय सुविधा, यंत्र लीप ५००० एक्सआर. देशातल्या काही संस्थांतून ते दुरूनही चालवता येतं, त्यांत आयआयटी मुंबई आहे. सुया चेन्नईला गेल्या, आम्ही पडद्यासमोर बसलो.

सुई सुमारे ५० केल्विनपर्यंत थंड करतात, काही हजार व्होल्ट लावतात, आणि व्होल्टेजच्या किंवा लेझरच्या स्पंदनाने टोकावरून एकेक अणू आयन होऊन सुटतो. डिटेक्टरवर कुठे पडला यावरून त्याची मूळ जागा, किती वेळात पोचला यावरून वस्तुमान. मग संगणक सुई परत उभारतो, अणू अणू करून.

या सगळ्याचं मूळ एर्विन म्युलर यांच्या फील्ड आयन मायक्रोस्कोपमध्ये. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी पेन स्टेट विद्यापीठात म्युलर आणि त्यांचे विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावर सुटे अणू पाहिले. अणू प्रथम पाहणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय होता. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत हे नाव आहे? ज्युनियरने ऐकलं नव्हतं. आता ती प्रत्येक सादरीकरणात पहिल्या पानावर टाकते.

पहिली सुई सीमेपर्यंत पोचण्याआधी तुटली. अ‍ॅटम प्रोबमध्ये हे नेहमीचंच: विद्युतक्षेत्राचा ताण टोकावर प्रचंड असतो आणि सीमा हा कच्चा दुवा. पुढच्या सुईत सीमा ओलांडून मोजणी गेली.

वस्तुमानाचा आलेख वाचणं ही स्वतंत्र विद्या. दुप्पट विद्युतभार असलेलं मॅग्नेशियम १२, १२.५ आणि १३ वर. अ‍ॅल्युमिनियम २७ वर, दुप्पट भाराचं १३.५ वर, तिप्पट भाराचं ९ वर. जस्ताचे समस्थानिक ६४ पासून ७० पर्यंत पसरलेले, तांब्याचे ६३ आणि ६५. ६९ आणि ७१ वर गॅलियम दिसायला हवं होतं, दिसलं नाही. झेनॉनवर घालवलेला वेळ सार्थकी लागला. यंत्र सगळे अणू टिपत नाही हेही ध्यानात ठेवायचं. या प्रकारच्या यंत्रात निम्म्याहून थोडे जास्त सापडतात. प्रमाण काढायला ते पुरतं, कारण जे हुकतात ते सर्व जातींचे सारखेच हुकतात.

१८ सप्टेंबर

तुलनेसाठी त्याच लगाचा तुकडा पुन्हा विरघळवून टी७३ केला होता: आधी कमी तापमानावर आणि मग त्याहून वरच्या तापमानावर, ताकदीचं शिखर ओलांडून पुढे नेणारं एजिंग. थोडी ताकद सोडून तडकण्याला विरोध मिळवायचा, हा विमान उद्योगाने फार पूर्वी स्वीकारलेला सौदा. त्याच्याही सुया मोजल्या.

टी६ मध्ये सीमेवरच्या ईटा कणांत तांबं कमी. टी७३ मध्ये तेच कण मोठे, एकमेकांपासून दूर, आणि तांब्याने समृद्ध. तांबं आलं की कण भोवतालच्या धातूच्या तुलनेत कमी चपळतेने विरघळतो. ओळीने खाऱ्या पाण्यात विरघळत जाणारी साखळी तुटते. कणांमधल्या रिकाम्या सीमेवर टी६ मध्ये सुटं मॅग्नेशियम साठलेलं स्पष्ट दिसतं.

हे सगळं अप्रत्यक्ष पुराव्यांवरून आधी मांडलं गेलंय. आपल्याला ते एकाच तुटलेल्या लगाच्या एकाच सीमेवर, डोळ्यांनी दिसणाऱ्या तड्यापासून अणूंपर्यंत साखळी न तोडता दाखवता आलं. मॅडमनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “आता हायड्रोजन राहिला.”

३० सप्टेंबर

हायड्रोजन. दमट हवेतली वाफ उघड्या अ‍ॅल्युमिनियमशी भिडली की ऑक्साइड बनतो आणि हायड्रोजनचे अणू मोकळे होतात. ते सीमेत शिरून ती कमकुवत करतात, ही मुख्य शंका. अडचण अशी की सर्वांत हलका अणू, इलेक्ट्रॉनांना जवळपास अदृश्य. अ‍ॅटम प्रोबला तो दिसतो, पण यंत्राच्या निर्वातातही थोडा हायड्रोजन उरतोच, त्यामुळे १ वर आलेला संकेत नमुन्यातला की चेंबरमधला हे सांगता येत नाही.

उपाय ड्यूटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन. जड पाण्यात नमुना भारित करायचा, म्हणजे ड्यूटेरियम आत शिरू द्यायचं, आणि २ वर शोधायचं. तिथेही सावधपणा हवा, कारण दोन हायड्रोजन जोडून निघाले तर तेही २ वरच पडतात. म्हणून भारित न केलेली जोडीची सुई त्याच अटींवर मोजावीच लागते. शिवाय ड्यूटेरियम खोलीच्या तापमानाला निसटतो, म्हणजे कोरण्यापासून मोजण्यापर्यंत नमुना गोठलेलाच राहायला हवा: क्रायो फिब, थंड निर्वात सूटकेस, थंड अ‍ॅटम प्रोब. सिडनीच्या गटाने २०२० मध्ये या मार्गाने पोलादातल्या डिसलोकेशन (स्फटिकरचनेतला रेषेसारखा दोष) आणि कार्बाइडपाशी अडकलेला हायड्रोजन दाखवला. ड्युसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २०२२ मध्ये आपल्याच ७००० मालिकेच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तो दुसऱ्या फेजच्या कणांत आणि ग्रेनच्या सीमेवर दाखवला. त्यांचं चित्र आपल्या लगाला तंतोतंत लागू पडतं, पण आपल्या लगात आपण ते अजून मोजलेलं नाही, आणि अहवालात तसंच लिहिणार.

जड पाण्यासाठी अर्ज तयार करतोय. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. लग ज्या किनाऱ्यावर तुटला त्याच किनाऱ्यावरचं पाणी प्रयोगाला येईल, या विचाराने ज्युनियर फार खूश आहे.

१४ ऑक्टोबर

अंतिम अहवाल पाठवला. मुद्दे असे: तडा सुरू झाला तो दाबून बसवलेल्या बुशच्या कायमच्या ताणामुळे, पार्टिंग लाइनवर उघड्या पडलेल्या ग्रेनच्या टोकांपाशी, खाऱ्या दमट हवेत, टी६ च्या सीमांनी त्याला वाट दिली. शिफारस: टेंपर टी७३, बुश दाबून बसवण्याऐवजी थंड करून, आकुंचित करून बसवणे आणि घट्टपणा कमी ठेवणे, पार्टिंग लाइन भोकापासून दूर नेणारी डाय, आणि आत्ता वापरात असलेल्या बाकीच्या लगांच्या भोकांची एडी करंटने (धातूत निर्माण केलेल्या विद्युतप्रवाहाच्या भोवऱ्यांनी) तपासणी, ती लगेच.

शेवटची शिफारस मॅडमनी लाल शाईत अधोरेखित करायला लावली. पाठवणाऱ्यांचा फोन दुपारीच आला. तपासणी या आठवड्यात सुरू करताहेत.

सुयांचा उरलेला संच निर्वातात ठेवला आहे. क्रायो फिबची वेळ मिळाली की आधी भारित न केलेली सुई मोजायची, मग जड पाण्यातली.